काढून दाखवा

रुग्णालयात नवं सॉफ्टवेअर आलं की सगळ्यांचं लक्ष नव्याकडे लागतं. ट्रेनिंग, पासवर्ड, बिलिंग काउंटरची बदललेली पद्धत, डॉक्टरांच्या कुरबुरी यातच महिने जातात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या नोंदींचा विषय बैठक संपता संपता निघतो आणि एका वाक्यात मिटतो: ‘जुनं सगळं अर्काइव्ह करून टाका, एखादा व्हेंडर बघा.’ व्हेंडर बघण्याचं हे काम वैद्यकीय नोंदी विभागाकडे, म्हणजे एमआरडीकडे येतं. मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या एमआरडीत काम करतो. जुन्या नोंदी सांभाळून ठेवण्याची सेवा विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांचे डेमो मी पाहिले आहेत, त्यांची कोटेशनं वाचली आहेत. माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे. तिच्यातली एकेक बाब किरकोळ आहे. पण या किरकोळ बाबींचा सगळा भार शेवटी एमआरडीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसावर पडतो, म्हणून ती सविस्तर लिहितो.

या खिडकीशी कोण येतं? बारा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली बाई येते. आता दुसऱ्या बाजूला गाठ लागली आहे आणि कर्करोगतज्ज्ञांना तेव्हाचा बायोप्सी रिपोर्ट हवा आहे. मुलाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी जन्माच्या वेळची एनआयसीयूतली, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातली, नोंद मागायला आईवडील येतात. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस चालू असलेल्याचा वकील एमएलसीची, म्हणजे पोलिसांकडे जाणाऱ्या प्रकरणातल्या वैद्यकीय नोंदीची, प्रत मागतो. विम्याचा क्लेम अडकलेला माणूस येतो, कारण टीपीएनं, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेनं, रक्तदाब नेमका केव्हापासून आहे याचा पुरावा मागितलेला असतो. यांतल्या कुणालाच क्लाउडशी किंवा सर्व्हरशी देणंघेणं नसतं. त्यांना एक कागद हवा असतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णानं, त्याच्या अधिकृत नातेवाइकानं किंवा कायदेशीर यंत्रणेनं नोंदी मागितल्या तर मागणीची पोच देऊन त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. अर्काइव्हची किंमत या ७२ तासांत ठरते.

पण व्हेंडरच्या डेमोत ७२ तासांचा उल्लेख नसतो. डेमो सुरू होतो तो किती टेराबाइट साठवता येतं, डेटा सेंटर कुठल्या शहरात आहे, किती प्रती ठेवल्या जातात, इथून. जुनी माहिती आत कशी येते याचा आलेख असतो. ती बाहेर कशी येते हे दाखवायला वेळ उरत नाही. आणि जे दाखवतात ते त्यांच्या स्वतःच्या नमुना नोंदींवर. नमुन्यातल्या रुग्णाचं नाव जॉन स्मिथ असतं, त्याची जन्मतारीख पूर्ण असते, प्रत्येक निदानापुढे कोड असतो आणि प्रत्येक तपासणीला एकक असतं. अशी एकही नोंद आमच्या २००६ च्या डेटाबेसमध्ये मिळणार नाही. ‘आमच्या शंभर नोंदी घ्या, नावं झाकून देतो, त्यांच्यावर दाखवा,’ असं म्हटलं की उत्तर येतं, ‘ते इम्प्लिमेंटेशनच्या वेळी करू.’ म्हणजे पैसे भरल्यानंतर.

आमच्या नोंदी कशा आहेत, हे विचारायलाही कुणी थांबत नाही. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतली पहिल्या पिढीची बरीच सॉफ्टवेअरं फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये, अनेकदा स्थानिक प्रोग्रॅमरनं लिहिलेली आहेत. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये काढून घेतला, एसक्यूएल सर्व्हर २००५ या डेटाबेस प्रणालीचा २०१६ मध्ये. अशा जुन्या डेटाबेसमधल्या तक्त्यांची आणि रकान्यांची नावं लिहिणाऱ्यालाच कळतील अशी असतात. डिस्चार्जच्या रकान्यात १, २, ३, ४ असे आकडे असतात. त्यातला ३ म्हणजे रुग्ण दगावला की डामा, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेला, हे सांगणारा तक्ता वेगळाच असतो, आणि कॉपी करताना तोच राहून जातो. अर्काइव्हमध्ये ३ हा आकडा सुखरूप पोचतो, अर्थ पोचत नाही. व्हेंडरच्या अहवालात मात्र ‘शंभर टक्के नोंदी स्थलांतरित’ असं छापून येतं. त्या वाक्यावर सही मागतात, याचा मला राग आहे.

नावांचा त्रास त्याहून मोठा आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्री-लिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टांत टाइप होत असे. त्या पद्धतीत ‘सुनंदा’ हे नाव संगणकाच्या दृष्टीनं इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक ओळ असते. फॉन्ट असेल तोवर ती मराठी दिसते, फॉन्ट गेला की वाचता येत नाही. अशी ओळ युनिकोडमध्ये बदलायला प्रत्येक फॉन्टचा वेगळा तक्ता लागतो, आणि एकाच डेटाबेसमध्ये दोन-तीन फॉन्ट वापरलेले असतील तर कुठल्या नोंदीला कुठला, हे शोधावं लागतं. काम किचकट आहे, पण होण्यासारखं आहे. व्हेंडरला हे सांगितलं की तो वहीत ‘मल्टिलिंग्वल सपोर्ट’ असं लिहून घेतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख नसतो.

इंग्रजीत टाइप झालेल्या नावांचंही सोपं नाही. एकाच माणसाचं आडनाव तीन भेटींत तीन स्पेलिंगांनी लिहिलेलं असतं, कारण केसपेपर काढणारी माणसं तीन होती. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. बाईची लहानपणची नोंद माहेरच्या नावानं, बाळंतपणाची सासरच्या नावानं. कधी लग्नानंतर तिचं पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं. अर्काइव्हच्या शोधखिडकीत मात्र दोनच रकाने: पहिलं नाव आणि आडनाव. मधल्या नावाचा रकाना द्या, उच्चारानुसार शोध द्या, गावाचं नाव टाकून यादी लहान करता येऊ द्या, एवढंच मागणं असतं. त्यावर एका प्रतिनिधीनं मला आभा क्रमांकानं शोधा म्हणून सुचवलं. हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक देणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. २००९ मध्ये दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदीवर तो क्रमांक कुठून असणार? आणि त्यातले जे वारले त्यांना तो कधीच मिळणार नाही.

वयाचंही तसंच. आमच्या जुन्या नोंदींत जन्मतारीख क्वचित असते, ‘वय ४०’ असतं. नव्या यंत्रणेला तारीख लागते, म्हणून ती चाळीस वजा करते आणि १ जानेवारी टाकते. मग निम्मं शहर १ जानेवारीला जन्मलेलं दिसतं. ही तारीख अंदाजाची आहे अशी खूण शेजारी ठेवली तर कुणाची हरकत नाही. ती खूण ठेवत नाहीत. पुढे तोच कागद एखाद्या कार्यालयात वयाचा पुरावा म्हणून पुढे येतो आणि आधार कार्डाशी जुळत नाही म्हणून नाकारला जातो. खेटे घालायचे रुग्णानं.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणून पीडीएफ पुढे केली जाते. जुन्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक रुग्णाचा रिपोर्ट छापायचा, त्याची पीडीएफ करायची, झालं अर्काइव्ह. डिस्चार्ज कार्डासाठी हे चालेल. दीर्घकाळ जपणुकीसाठी पीडीएफ-ए नावाचा वेगळा आंतरराष्ट्रीय प्रकार २००५ पासून आहे, निदान तो तरी वापरावा. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाचं सहा वर्षांतलं क्रिएटिनिन बघायचं असेल तर डॉक्टरांनी दीडशे पीडीएफ उघडायच्या का? आकडा आकडा म्हणूनच ठेवायला हवा, त्याच्या एककासकट आणि त्या वेळच्या प्रयोगशाळेच्या संदर्भ मर्यादेसकट. छायाचित्रांचीही तीच तऱ्हा. सीटी स्कॅन म्हणजे शेकडो काप असतात आणि ते डायकॉम स्वरूपात असतात, ज्यात मोजमाप आणि तपशील सोबत राहतात. जागा वाचवायला त्यातले दोन-चार निवडून जेपीईजी करून ठेवले तर त्यावरून अस्थिरोगतज्ज्ञाला नीट मोजमाप करता येत नाही. जागा वाचली, तपासणी गेली. ती रुग्णानं पुन्हा करायची, पुन्हा पैसे भरायचे आणि पुन्हा किरणोत्सर्ग घ्यायचा.

नोंद कुणी केली, कधी केली आणि नंतर कुणी बदलली, याचा मागही जुन्या यंत्रणेत असतो. अर्काइव्ह करताना तो ‘सिस्टिम लॉग’ म्हणून वगळतात, कारण त्यानं डेटा वाढतो. न्यायालयात मात्र तोच विचारला जातो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारी तिची ओळखखूण, लिहावं लागतं. नोंद अर्काइव्हमध्ये जाताना तिचं हॅश मूल्य घेतलं नसेल तर ती मधल्या काळात बदलली नाही हे रुग्णालय कशाच्या आधारावर सांगणार? मी हा प्रश्न प्रत्येक डेमोत विचारतो. उत्तरादाखल कंपन्या आपलं माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र दाखवतात. ते प्रमाणपत्र कंपनीच्या कारभाराचं असतं, माझ्या रुग्णाच्या नोंदीचं नव्हे.

मग विचारलं जातं, किती वर्षं ठेवायचं? फॉर्मवर त्यासाठी एकच चौकट असते. त्यात एकच आकडा लिहिता येत नाही, हे मला दर वेळी समजावून सांगावं लागतं. २००२ ची आचारसंहिता आंतररुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवा म्हणते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालच्या नोंदींना दोन वर्षं आहेत, गर्भपाताच्या प्रवेश नोंदवहीला पाच. खटला चालू असेल तर तो संपेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. आणि केंद्र सरकारची २०१६ ची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकं सांगतात की माणूस जिवंत आहे तोवर त्याची नोंद नष्ट करायचीच नाही. मृत्यूनंतर न्यायालयीन प्रकरण नसेल तर साधारण तीन वर्षांनी ती निष्क्रिय करावी, असं त्यात सुचवलं आहे. म्हणजे प्रत्येक नोंदीला तिची स्वतःची मुदत हवी आणि मुदत थांबवून ठेवण्याची सोय हवी. हे नियम या धंद्यातल्या माणसाला एमआरडीच्या कारकुनानं शिकवायला लागू नयेत.

दरपत्रकांची तुलना करता येऊ नये अशी व्यवस्था कंपन्यांनी एकजुटीनं केल्यासारखी दिसते. एकजण दर महिन्याला दर जीबीचा भाव देतो, दुसरा दर वापरकर्त्यामागे, तिसरा दर रुग्णामागे. चौथ्याचा भाव सगळ्यात कमी असतो आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘रिट्रीव्हल चार्जेस एक्स्ट्रा’ असतं. साठवणं स्वस्त, काढणं महाग. खरेदी समिती मधलं पान बघते आणि कमी आकड्याला पसंती देते. ज्याला रोज नोंदी शोधायच्या आहेत तो कारकून समितीत नसतो. करार संपल्यावर आमचा डेटा आम्हाला कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत मिळेल, याचं कलम मागितलं तर विक्री प्रतिनिधी दुखावतो. आत्ताच सोडून जायचा विचार करताय का, असं विचारतो. आम्ही सोडून जाण्याचा विचार करत नसतो. जुन्या सॉफ्टवेअरवाल्यानं डेटाबेसचा पासवर्ड आणि तक्त्यांची माहिती द्यायला जे पैसे मागितले आणि जी वाट बघायला लावली, ती आम्हाला आठवत असते.

जबाबदारीबद्दलही सर्रास चुकीचं सांगितलं जातं. ‘डेटा आमच्याकडे आला की तुमची काळजी संपली.’ २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नेमकं उलट लिहिलं आहे. कंपनीशी करार काहीही असो, तिच्या हातून होणाऱ्या हाताळणीची जबाबदारी रुग्णालयाचीच राहते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. धर्मादाय रुग्णालयाला हा आकडा मोठा की लहान, हे कुणालाही कळेल.

काहीच न करता जुना सर्व्हर कोपऱ्यात चालू ठेवावा, असंही कुणी कुणी म्हणतं. माळ्यावरच्या ट्रंकेसारखा तो असू द्यावा, लागेल तेव्हा उघडू. हा मार्ग मी सुचवणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद केला गेला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कितीतरी दिवस कामकाज हातानं चाललं. नेटवर्कची नीट विभागणी नव्हती, हे कारण सरकारनं नंतर राज्यसभेत सांगितलं. ज्याला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत असा जुना सर्व्हर रुग्णालयाच्या चालू नेटवर्कवर ठेवणं म्हणजे सगळ्या रुग्णालयाचं दार उघडं ठेवणं आहे. म्हणूनच व्हेंडर लागतो. म्हणूनच तो चांगला हवा, आणि म्हणूनच मी ही सगळी तक्रार करतो आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. पैशांची बोलणी सुरू होण्याआधी आमच्याच सर्वांत जुन्या आणि खराब नोंदींचा एक गठ्ठा घ्यावा. त्यात जुन्या फॉन्टमधली नावं असतील, आकडी कोड असतील, अर्धवट डिस्चार्ज असतील, दोनदा नोंदलेले रुग्ण असतील. तो गठ्ठा अर्काइव्हमध्ये घालावा. मग आमच्या खिडकीवरच्या कारकुनाला बसवावं आणि बाई माहेरच्या नावानं, तिचा मुलगा आईच्या नावानं, अपघातातला माणूस नुसत्या तारखेनं शोधायला सांगावं. त्या वेळी कंपनीच्या माणसानं माउसला हात लावू नये. किती नोंदी गेल्या आणि किती आल्या, याचा हिशोब तक्तानिहाय द्यावा. आणि शेवटी सगळा गठ्ठा कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात आम्हाला परत करून दाखवावा. संदर्भासाठी गेल्या महिन्यात सही झालेल्या रुग्णालयाचा नंबर देऊ नये. तीन-चार वर्षं नोंदी काढून वापरणाऱ्या रुग्णालयाचा द्यावा. जी कंपनी एवढं करेल ती थोडी महाग असली तरी घ्यावी, असं मी आमच्या व्यवस्थापनाला लेखी कळवलं आहे.

रुग्णालय चालवणाऱ्या विश्वस्तांना आणि प्रशासकांना माझी विनंती आहे की हा करार आयटी आणि खरेदी विभागांवर सोडू नका. एमआरडीतला माणूस समितीत घ्या आणि नोंद काढून दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि वाचकांना एक सांगणं: तुमचं डिस्चार्ज कार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट, शस्त्रक्रियेची नोंद आणि सीटी-एमआरआयची सीडी यांची प्रत रुग्णालयातून निघतानाच घ्या आणि घरी जपून ठेवा. जुना कागद लागला तर तोंडी विचारून परत जाऊ नका. लेखी अर्ज द्या, त्यावर पोच घ्या आणि तारीख घालून घ्या. ७२ तासांत नोंद मिळणं हा तुमचा हक्क आहे. तुम्ही तो मागत राहिलात, तर नोंदी नीट ठेवण्याची गरज वरच्या मजल्यापर्यंत पोचेल.